हेझल फोर्कच्या एकशे बारा पेट्या

“डोकं खाली घे गं हिली, पूल आला.”

पन्नास वर्षं झाली, पण हा आवाज अहिल्याबाईंच्या कानातून काही उतरला नाही. खरखरीत, उबदार, पेपरमिंटच्या गोळीचा वास असलेला आवाज. अजूनही ओहायोतल्या डब्लिनहून कोलंबसला जाताना हायवेवर पूल आला की त्यांची मान आपसूक खाली जाते. त्यांचे यजमान रवींद्रराव निवृत्त डॉक्टर. त्यांनी या मानेचे दोनदा एक्स-रे काढवले. हाडं ठणठणीत निघाली. वचन काही एक्स-रेत दिसत नाही.

मार्चमधल्या एका शनिवारी सकाळी अहिल्याबाई पोळ्या लाटत होत्या, तेव्हा नातीचा व्हिडिओ कॉल आला. अनिका म्हणजे त्यांच्या राधिकाची मुलगी. ॲन आर्बरला राहून जुने कागद कसे जपायचे याचं शिक्षण घेतलं, आणि फिरून फिरून नोकरीला लागली ती नेमकी वेस्ट व्हर्जिनियात, हेझल फोर्कच्या खोऱ्याजवळच्या एका लहानशा कॉलेजात. याच खोऱ्यात तिच्या आजोबांनी एकतीस वर्षं दवाखाना चालवला होता. त्या डोंगराळ मुलखातले नकाशे, पोस्टकार्डं, घरोघरच्या ट्रंकांतली कागदपत्रं गोळा करायची आणि नीट लावून ठेवायची, हे तिचं काम. दवाखाना बंद झाला तेव्हाचे खोकेही तिथेच जाऊन पडले होते.

“आजी, तुझा मॅप क्वारंटाइनमध्ये आहे,” अनिका म्हणाली.

“कुठे आहे?”

“फ्रीझरमध्ये. माझ्या कलीगला कॉर्नर्सवर पिवळे आणि लाल डाग दिसले. त्याला वाटलं बुरशी. त्याने ग्लव्हज घालून, सील्ड बॅगमध्ये टाकून...”

अहिल्याबाईंच्या हातातलं लाटणं थांबलं आणि त्या पोट धरून हसायला लागल्या. “अगं बाई, हळदकुंकू आहे ते. नवा कागद, चार कोपऱ्यांना बोटं लावली होती.”

“आय नो, आजी. मी सांगितलं त्याला, टर्मरिक आहे. तर तो विचारतो, जेवताना सांडलं का कुणाकडून?”

टेबलाशी चहा पीत बसलेले रवींद्रराव म्हणाले, “त्याला म्हणावं, बुरशी आम्हाला लागली आता. नकाशा तरुण आहे.”

“पण आजी, ऐक ना. दोन कॉर्नर्सना छोटे, नीट ठिपके आहेत. उरलेल्या दोनांना अख्खा अंगठा आहे. केवढा मोठा. तुझा नाही हा. आजोबांचापण नाही.”

“माझा कसा असेल?” रवींद्ररावांनी हात पुढे करून दाखवले. “हे हात बघूनच तुझी आजी लग्नाला हो म्हणाली.”

“मग कोणाचा?”

“आठवत नाही गं,” अहिल्याबाई म्हणाल्या. तव्यावरची पोळी तेवढ्यात करपली.

अनिकाने पुढचं सांगितलं. मेच्या पहिल्या शनिवारी लायब्ररीत प्रदर्शन होतं, खोऱ्याच्या जुन्या कागदांचं. नकाशा मधोमध लागणार होता. खोक्यावर कुणीतरी ‘डॉक्टरांचा नकाशा’ असं लिहून ठेवलेलं, आजोबा म्हणतात आजीने काढला. “तर मेकर म्हणून काय लिहू? एकदा कॅटलॉगमध्ये गेलं ना, की तेच राहतं. शंभर वर्षांनी कुणी बघितलं तर तेच नाव बघेल.”

“शंभर वर्षं?”

“दोनशेसुद्धा. आम्ही चांगलं काम करतो.”

फोन ठेवला तरी ती शंभर वर्षं स्वयंपाकघरातून हलेनात.

*

एकोणीसशे पंचाहत्तर. अहिल्या चोवीस वर्षांची, भोरहून आलेली, आणि हेझल फोर्क म्हणजे नुसते डोंगर. डोंगराच्या दोन सोंडांमधली चिंचोळी घळ, तिला तिथे हॉलर म्हणतात. अशा बावीस घळी, प्रत्येकीत पाच-सात घरं, आणि घरांची खूण म्हणजे खाली रस्त्याच्या कडेला दांडीवर ठोकलेली टपालाची पत्र्याची पेटी. डॉक्टर सकाळी घरोघर रुग्ण तपासायला जायचे ते दिवेलागणीला यायचे. अहिल्या आपल्या पेटीपाशी उभी राहायची. भोरचं निळं एरोग्राम आठवड्याने येणार हे माहीत असायचं, तरी रोज उभी राहायची.

टपाल आणायची ओपल. छत्तीस वर्षांची, दणकट, पुरुषी बूट घालणारी. दोन महिने तिने हे बघितलं. एके दिवशी पेटीत काहीच नव्हतं आणि अहिल्येच्या डोळ्यांत सगळं होतं, तेव्हा ओपलने जीपचं दार ढकलून उघडलं.

“बस आत. रडायचंच आहे तर फिरता फिरता रड. इथे उभी राहिलीस तर गोठशील.”

ओपलच्या जीपचं स्टिअरिंगचं चाक उजव्या बाजूला होतं, रस्त्याकडेच्या पेट्यांपर्यंत हात पोचावा म्हणून. अहिल्येला ते अगदी घरच्यासारखं वाटलं. भोरच्या एसटीचंही चाक उजवीकडेच. ती डावीकडे बसली. आता या देशात डावीकडे बसतो तो ड्रायव्हर. तेव्हा समोरून येणाऱ्याला दिसायचं ते असं, की टपालाची जीप वळणं घेत येते आहे आणि चालवणारी बाई लुगड्यात, दोन्ही हात मांडीवर ठेवून खिडकीबाहेर बघत गाते आहे.

गायची कारण करायला दुसरं काही नव्हतं. पिशवीतल्या पत्रांना हात लावायची ओपलने मनाई केली होती, आणि बोलायला इंग्रजी पुरायचं नाही. आत्याच्या जात्याशी बसून ऐकलेल्या ओव्या होत्या, त्या दोन आठवड्यांत संपल्या. मग अहिल्येने वाटेच्याच ओव्या बांधायला घेतल्या. प्रत्येक वळणाला एक.

*डाव्या गं वळणाला अक्रोडाचं झाड मोठं*
*भुंकून दमलं कुत्रं, शेपूट गं त्याचं छोटं*

आणि पुढच्या घळीत,

*ओढ्याच्या पल्याड गं निळ्या दाराची म्हातारी*
*तिचं पत्र येईना गं, रोज उभी ती दारी*

ओपलला अर्थ कळायचा नाही, पण चाल कळायची. चाकावर बोटांनी ठेका धरायची. तिच्या आजीची डोंगरातली गाणीही अशीच दोन-दोन ओळींची, एक बाई दुसरीला सांगते आहे अशी. ती गायला लागली की अहिल्येला वाटायचं, सातासमुद्रापलीकडे कुणीतरी दुसरं जातं फिरवतंय.

एकच कटकट होती. टपालाच्या गाडीत परकं माणूस बसवायचं नाही, हा सरकारी नियम. पुलाखाली पोस्टमास्तर दुपारी गळ टाकून बसायचा. म्हणून ते, “डोकं खाली घे गं हिली.” अहिल्या हे नाव ओपलच्या जिभेवर कधी बसलंच नाही.

“कळलं तर माझी नोकरी जाईल,” ओपल म्हणाली होती. “मी म्हणेन तोवर कुणाला सांगायचं नाही. डॉक्टरलासुद्धा नाही.”

अहिल्येने तिच्या हातावर हात मारून वचन दिलं.

त्या हिवाळ्यात डॉक्टर एका बाळंतपणाला निघाले, तीन घळी चुकले, आणि पोचले तेव्हा बाळाचं नाव ठेवून झालं होतं. नाव चांगलं होतं, त्यात डॉक्टरांचा काही हात नव्हता एवढंच. घरी येऊन ते जेवले नाहीत. दुसऱ्याच दिवशी अहिल्येने खाणकंपनीचा एक टाकून दिलेला मोठा नकाशा मिळवला. पुढच्या बाजूला कंपनीने जमिनीखालचा कोळसा काढलेला. अहिल्येने तो उलटा केला आणि पाठीवर जमिनीवरची माणसं काढली. रोज जीपमधून उतरायचं, ओव्या म्हणत म्हणत वाट कागदावर ठेवायची. पेटी क्रमांक एक, पेटी क्रमांक दोन. चुकलं की दुसऱ्या दिवशी ओपल दुरुस्त करायची: “ती पेटी पुलाच्या अलीकडे आहे, पलीकडे नाही. बंदुकीने छर्रे मारलेली ती पुढची.” रस्त्यांच्या कडेने मुंगीएवढ्या अक्षरांत ओव्या लिहिल्या. एकशे बारा पेट्या भरल्या, तेव्हा दोघी स्वयंपाकघरात बसल्या आणि अहिल्येने करंडा काढला.

“दोन कोपरे माझे, दोन तुझे,” ती म्हणाली आणि अनामिकेने ठिपके देऊन दाखवले.

ओपलने आपला अंगठा हळदीत बुडवला, कुंकवात बुडवला, आणि एखाद्या पार्सलवर शिक्का मारावा तसा मारला.

नवऱ्याला अहिल्येने सांगितलं, तुम्ही बाहेर असताना दवाखान्यात बसून पेशंटांना विचारत विचारत केला. रवींद्ररावांनी नकाशा उजेडात धरला, खूप वेळ बघितला, आणि त्या दिवसापासून ते वाट चुकले नाहीत. बायकोचं कौतुक करायलाही चुकले नाहीत. कोलंबसच्या मंडळात गणपतीत दर वर्षी ही गोष्ट होते. नवीन आलेली आयटीतली मुलं जेवणाच्या रांगेत सापडतात आणि डॉक्टरकाका सुरू होतात: “एक दिवस गाडी चालवली नाही हिने, आणि नुसतं वेटिंग रूममध्ये बसून अख्खं खोरं काढलं.”

ओपल पंचवीस वर्षांपूर्वी निवृत्त झाली. “आता सांग” असं ती कधी म्हणाली नाही, आणि अहिल्याबाईंनीही विचारलं नाही. कारण त्यांचे वडील तहसील कचेरीत कारकून होते. तीस वर्षांपूर्वीच्या एका रजेच्या अर्जावरून त्यांचं पेन्शन दोन वर्षं अडकलेलं लेकीने बघितलं होतं. सरकार म्हणजे सरकार, भोरचं काय आणि अमेरिकेचं काय. जुनी चूक सापडली की पेन्शन बंद. ओपल आता शहाऐंशी वर्षांची. या वयात आपल्या जिभेमुळे तिच्या ताटातलं जायला नको.

पण शंभर वर्षं, दोनशे वर्षं, त्या कागदावर ओपलचं नाव नसणार, हेही आता घशाखाली उतरत नव्हतं.

*

मेमधल्या शुक्रवारी दोघं हेझल फोर्कला निघाली. ओहायो नदीवरचा पूल आला, तशी अहिल्याबाईंची मान खाली गेली.

“परत बघ. स्पॉन्डिलोसिसच आहे,” रवींद्रराव म्हणाले.

“रस्त्याकडे बघा तुम्ही.”

रात्रीच्या जेवणाला अनिकाने मूगडाळीची खिचडी केली होती, जरा जास्तच पातळ. जेवताना तिने एका पोस्टकार्डाचा फोटो काढून दाखवला. “हे बघ काय सापडलं. एका फॅमिलीच्या ट्रंकेत होतं, नाइन्टीन सेव्हन्टी सिक्स. बहिणीने बहिणीला लिहिलंय.” आणि तिने वाचून मराठीत सांगितलं: “नव्या डॉक्टरची बायको टपालाची जीप चालवते. दोन्ही हात मांडीवर, तोंडाने परदेशी गाणं, रस्त्याकडे एकदासुद्धा बघत नाही. आमच्यासाठी प्रार्थना कर.”

रवींद्ररावांना हसता हसता ठसका लागला. “अगं, एटी-थ्रीपर्यंत लायसन्स नव्हतं हिला! लोक काय वाटेल ते लिहितात.”

अहिल्याबाई पाणी प्यायल्या. पेला रिकामा झाला तरी पीत राहिल्या.

अनिका आजीकडे बघत होती. “आजी, मॅपवर घरं नाहीतच. घरांच्या जागी मेलबॉक्सेस आहेत. आणि नंबर क्लिनिकपासून सुरू होत नाहीत, पोस्ट ऑफिसपासून होतात.”

“पोस्ट ऑफिस सगळ्यांना माहीत असतं ना.”

“हं. आणि खाली उजवीकडे एवढी जागा ब्लँक का आहे? बाकी सगळीकडे इंचभर सोडलं नाहीस.”

“शाई संपली असेल.”

“ओके.” अनिकाने पोस्टकार्डाचा फोटो बंद केला. “मेकरची ओळ मी रिकामी ठेवलीये. सकाळी अकराला ओपनिंग आहे. तोपर्यंत पेन्सिलने लिहिता येईल. मी काही विचारत नाही.”

विचारत नाही म्हणणाऱ्या माणसाइतकं कुणी विचारत नाही, असं अहिल्याबाईंच्या मनात आलं.

*

लायब्ररीत खोरं लोटलं होतं. ज्याच्या जन्माला डॉक्टर उशिरा पोचले होते तो मनुष्यही होता, आता नातवंडांसकट. काचेखाली खाणकामगारांच्या मजुरीच्या पावत्या, चर्चच्या सहलीची पोस्टकार्डं, कुणाच्या आजीची पाककृतींची वही. आणि मधोमध, हवाबंद काचपेटीत, नकाशा. फ्रीझरमधून सुटून आल्यामुळे जरा ताठ दिसत होता.

अहिल्याबाई ठेवणीतली जांभळी इरकल नेसून आल्या होत्या. दारातून वॉकर ठोकत कुणीतरी येत होतं, आणि वॉकरच्या आधी आवाज आला.

“बाजूला व्हा पोरांनो, टपाल आलंय.”

निळा झगा, पांढरे केस, पायांत बूट तेच पुरुषी. ओपलने अहिल्याबाईंना मिठी मारली तेव्हा पेपरमिंटचा वास आला.

“म्हातारी झालीस हिली.”

“तू अजून जाड आहेस.”

“डोंगर कधी बारीक होतो का?”

दोघी काचेपाशी गेल्या. ओपलने चष्मा लावला आणि वाटेवरून बोट फिरवायला लागली, काचेवरून, पोस्ट ऑफिसपासून. अक्रोडाचं वळण. निळं दार. छर्रे मारलेली पेटी. तिचे ओठ हलत होते, नंबर मोजत होते. एकशे बारापाशी थांबले. मग तिने खालची पट्टी वाचली. ‘हेझल फोर्क खोऱ्याचा हस्तलिखित नकाशा, १९७६. कर्ता:’ आणि पुढे काही नाही.

“सुंदर आहे,” ती म्हणाली. “ज्याने केला त्याला रस्ता माहीत होता.”

आणि मग, कुणी बघत नाही असं वाटून, तिने उजवा अंगठा उचलला आणि काचेवर ठेवला. नेमका त्या कोपऱ्यावर. खालचा पिवळा-लाल अंगठा वरच्या सुरकुतलेल्या अंगठ्याखाली तंतोतंत झाकला गेला.

अहिल्याबाईंना ते बघवलं नाही आणि त्यावरून डोळेही काढवेनात.

“ओपल,” त्या कुजबुजल्या, “तुझं पेन्शन बंद करतील का गं?”

“काय?”

“मी बोलले तर. नियम मोडला होता ना आपण. सरकारला कळलं तर तुझं पेन्शन...”

ओपलने चष्मा काढून त्यांच्याकडे बघितलं. मग तिचे खांदे हलायला लागले, वॉकर हलायला लागला, आणि हसू इतकं फुटलं की पलीकडच्या पाककृतींच्या वहीपाशी उभ्या बायका वळून बघायला लागल्या.

“अगं वेडे, त्यासाठी गप्प राहिलीस पन्नास वर्षं? पोस्टमास्तरला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. पुलाखालून हात करायचा मला. तू खाली वाकलेली, तुला कसं दिसणार?”

“मग तू मला कधी ‘आता सांग’ असं का म्हणाली नाहीस?”

“मला वाटलं डॉक्टरला चालायचं नाही. बायको टपालाच्या खटाऱ्यात फिरते, गाणी म्हणते. तो किती अभिमानाने ती वेटिंग रूमची गोष्ट सांगतो. मी म्हटलं, राहू दे. तुझं घर आहे.”

“आणि मी म्हटलं, तुझं ताट आहे.”

दोघी काचेवर वाकून उभ्या राहिल्या. ती बर्फातली जीप, ती दुपार, आणि एकमेकींसाठी गिळलेलं पन्नास वर्षांचं बोलणं. हसावं की रडावं ते दोघींनाही ठरवता येईना, म्हणून ओपलने झग्याच्या खिशातून पेपरमिंट काढून एक अहिल्याबाईंच्या हातावर ठेवली.

तेवढ्यात माइक खरखरला. अनिकाने आजोबांना बोलायला बोलावलं होतं. रवींद्ररावांनी कोट सारखा केला आणि सुरुवात केली, जशी गणपतीत करतात तशीच, फक्त इंग्रजीत. बर्फ आला, चुकलेल्या तीन घळी आल्या, नाव ठेवून झालेलं बाळ आलं. ते बाळ मागे उभं राहून टाळ्या वाजवत होतं. लोक हसत होते. मग डॉक्टरांचा आवाज मऊ झाला. “आणि माझी बायको,” ते म्हणाले, “जिने एक दिवस गाडी चालवली नाही, एकदाही दवाखान्याबाहेर पाऊल टाकलं नाही, तिने नुसतं वेटिंग रूममध्ये बसून...”

अठ्ठेचाळीस गणपती अहिल्याबाईंनी हे वाक्य मान खाली घालून ऐकलं होतं. चारचौघांत नवऱ्याचं बोलणं तोडायचं नाही, ही शिकवण घेऊन त्या या देशात आल्या होत्या आणि ती त्यांनी हिवाळी कोटासारखी जपली होती. समोर कोट सारखा केलेला हा मनुष्य, ज्याने या गोष्टीवर इतकं प्रेम केलं. शेजारी पेपरमिंट चघळणारी ही बाई, जी काहीच मागत नव्हती.

त्यांनी ओपलचा हात धरला. मोठा, खरबरीत, टपालाचा हात.

“अहो, थांबा जरा,” त्या म्हणाल्या. मोठ्याने.

रवींद्रराव थांबले. सगळी खोली थांबली. अनिकाने कानामागची पेन्सिल काढली.

अहिल्याबाईंना वाटलं होतं, शब्द सापडणार नाहीत. पण आधी चाल आली, आणि चालीमागून ती ओवी आली, जिच्यासाठी खालचा कोपरा कोरा सोडला होता. खोलीतल्या दोघा-तिघांनाच ती समजली, पण ओपलची बोटं वॉकरवर ठेका धरायला लागली.

*चाक तुझ्या हाती सखे, वाट माझ्या ओठांवरी*
*दोघींनी गं चालवली एक गाडी डोंगरावरी*

रवींद्ररावांच्या हातातला माइक हळूहळू खाली आला. “अहिल्या,” ते मराठीत म्हणाले, “ते पोस्टकार्ड खरं होतं की काय?”

“अर्धं,” अहिल्याबाई म्हणाल्या. मग नातीकडे वळल्या आणि मान ताठ ठेवून बोलल्या. “अनिका, लिहून घे. मी वेटिंग रूममध्ये कधीच बसले नव्हते. जीप ओपल चालवायची, वाट तिने दाखवली. हा नकाशा आम्ही दोघींनी केला. तो अंगठा तिचा आहे.”